गावचा जुना महजर खालनं वर कसा वाचायचा

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आमच्या गावात वेशीतनं पहिला बैल थोरल्या वाड्याचा जातो आणि त्याच्या मागनं आमच्या भावकीचा, हे मी कळायला लागल्यापासनं बघत आलोय. मधी एका बेंदराला पुतण्यानं विचारलं, काका आपला बैल कायम मागं का, आणि मला उत्तर देता येईना. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर "पहिल्यापासनं हाय" एवढंच. उत्तर आमच्याच माळ्यावरच्या लाकडी पेटीत होतं, धडप्यात गुंडाळलेलं कागदाचं भेंडोळं, सगळं मोडी लिपीत, आणि ते नीट लावून वाचायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत जे शिकलो ते इथं लिहितोय, कारण कराड, पाटण, वाई, खटाव, इकडं तासगाव, वाळवा, मिरज, कुठल्याही जुन्या घरात असे कागद निघतात आणि लोक ते एकतर देवाऱ्यात ठेवून हळदकुंकू लावतात नाहीतर "कसली तरी जुनी जमिनीची कागदं" म्हणून टाकून देतात.

महजर म्हणजे काय हे आधी सांगतो. त्या काळात कायद्याचं पुस्तक घेऊन न्यायाला बसायची पद्धत गावात नव्हती. शास्त्र होतं, याज्ञवल्क्यस्मृती, तिच्यावरची मिताक्षरा टीका, पंडितांना ते पाठ असायचं, पण गावातलं भांडण सुटायचं ते गोतात. गोत म्हणजे नात्यागोत्यातलं गोत नव्हे हां, गोत म्हणजे गावचे पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, बलुतेदार, मिरासदार (म्हणजे पिढीजात जमीनमालक) आणि आजूबाजूच्या गावचे पाटील असे सगळे जमून बसायचे ती सभा. वर परगण्याचे, म्हणजे बऱ्याच गावांच्या मिळून केलेल्या भागाचे, देशमुख देशपांडे आणि सरकारी अधिकारी असतील तर त्यांची मजलिस. सगळ्यांसमोर जे ठरलं ते लिहायचं आणि हजर असलेल्या सगळ्यांनी सही-निशाणी करायची, तो कागद म्हणजे महजर. पुढच्या पिढीला तोच कायदा. म्हणून ह्या कागदात तुम्हाला फक्त कोण जिंकलं कोण हरलं एवढंच नाही तर गाव कसं रचलं होतं ते दिसतं, आणि तेच बघायचं असतं.

पहिलं काम, कागद वाचवायचा. आमच्या पाहुण्यातल्या एकानं भीतीपोटी कागद टिकावा म्हणून लॅमिनेशन करून आणला, उष्णतेनं शाई पसरली आणि आता तो प्लास्टिकमधनं सोडवता पण येत नाही, तीनशे वर्षं टिकलेला कागद पाच मिनिटांत गेला. म्हणून हात जोडून सांगतो, लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, हळदकुंकू पण नको. हात धुवून कोरडे करा, भेंडोळं एकदम ओढून सरळ करू नका, दोन दिवस सपाट पाटावर सुती कापडाखाली राहू द्या म्हणजे कागद आपोआप सैल होतो. मग सकाळच्या उजेडात खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, मोबाईलनं फोटो काढा, एक अख्ख्या कागदाचा, आणि मग वीत वीत अंतराचे असे की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या दोन ओळी परत याव्यात, नाहीतर नंतर ओळ कुठं जोडायची ते कळत नाही. आणि मागची बाजू विसरू नका. लांब महजर म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले कागद, त्यातल्या एकेकाला बंद म्हणतात, आणि जिथं दोन बंद जोडलेत तिथं मागनं शिक्का किंवा अक्षरं अशी मारलेली असतात की अर्धी ह्या बंदावर अर्धी त्या बंदावर. मधलाच एक बंद काढून दुसरा घुसवता येऊ नये म्हणून ही सोय. आमच्या कागदावर एका जोडाजवळ अक्षरं जुळत नव्हती, नंतर कळलं की उंदरानं खाल्लेला भाग कुणीतरी कापून परत चिकटवलेला.

मोडीबद्दल थोडक्यात. तीन-चार महिने रोज अर्धा तास दिला तर येते, घाबरू नका, पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग अधनंमधनं होतात ते करा. मोडीत आधी ओळभर रेघ मारून मग तिला अक्षरं लोंबकळत लिहितात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व दीर्घ बघत नाहीत, आणि शब्द अर्धवट लिहून पुढं दोन उभ्या रेघा मारल्या की समजायचं संक्षेप आहे. सुरुवातीला अर्थ लावायच्या भानगडीत न पडता नुसती अक्षरं देवनागरीत उतरवून काढा. मौजे, कसबे, परगणे, बिन, मोकदम हे शब्द इतक्या वेळा येतात की आठवड्याभरात ते चित्रासारखे ओळखू येतात. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, मोकदम म्हणजे पाटीलच.

आता तारीख, ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या कागदावर दोन तऱ्हेनं वर्ष लिहिलंय. एक, शके १५८६ क्रोधी नाम संवत्सरे. दुसरं, सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या सरकारी कागदांतलं वर्ष, खमस सितैन व अलफ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं ही माणसांची नावं आहेत! तर हे अरबी आकडे आहेत, आधी एकं मग दहं मग हजार असे उलटे. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. मग अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे खमस सितैन व अलफ झालं १०६५. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन, म्हणजे १६६४. सुहूरचं वर्ष मृगाला चालू होतं, आपल्या पेरण्यांच्या तोंडावर, म्हणून जून ते डिसेंबर असेल तर ५९९ आणि जानेवारी ते मृगाआधी असेल तर ६०० मिळवायचे. फसली सन, म्हणजे सारावसुलीचं वर्ष, असेल तर ५९० किंवा ५९१. शकात ७८, आणि पौष-माघाच्या पुढं वर्षाच्या शेवटी गेलात तर ७९. महिन्याच्या आधी नुसता "छ" दिसला तर ते चंद्र, म्हणजे छ १५ रमजान ही चंद्राची तारीख.

आणि संवत्सरानं पडताळा घ्यायचा. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासनं मोजायचा. १५८६ अधिक १२ म्हणजे १५९८, साठानं भागून बाकी ३८, अडतिसावा क्रोधी. बरोबर. २०२४ च्या पाडव्याला जे संवत्सर सुरू झालं ते पण क्रोधीच होतं, शके १९४६, म्हणजे बरोबर ३६० वर्षं, साठाचे सहा फेरे. मी त्या पाडव्याला गुढी उभी केली आणि पंचांगात ते नाव बघून परत आत जाऊन कागद काढून बघितला. हा हिशोब नुसत्या हौशेसाठी नाही. वतनासाठी, म्हणजे पिढीजात हक्कासाठी, खोटे कागद त्या काळात पण बनायचे, आणि ज्यानं खोटा बनवला त्याचा कधीकधी शक आणि सुहूर जुळत नाही. दोन्ही काढा, जुळले तर पुढं जा.

आता मुख्य गोष्ट, कागद खालनं वर वाचा. सगळे वरनं वाचतात आणि आपल्या पूर्वजाचं नाव सापडलं की थांबतात, मी पण पहिल्यांदा तेच केलं. पण शेवटाला किंवा बाजूला ज्या सह्या-निशाण्या असतात त्यात गावाची अख्खी बांधणी आहे. लिहिता येत नव्हतं म्हणून प्रत्येकानं आपल्या कामाचं चित्र काढलंय, पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. आमच्या कागदावरचा नांगर बोटाच्या पेराएवढा आहे, पण त्याला रुमणं, हाळीस सगळं आहे, ज्यानं काढला त्यानं आयुष्यभर नांगर धरलाय हे बघितल्याबरोबर कळतं. एका वहीत तक्ता करा, कोण, कुठल्या गावचा, काय निशाणी, कितव्या नंबरला. मग बघा पहिला कोण आहे, शेवटी कोण आहे, शेजारच्या कुठल्या गावचे पाटील आलेत. जी गावं आली ती त्या वेळची तुमची शीव आणि सोयरीक. आणि कोण नाही ते पण बघा. उपरी नाहीत, म्हणजे बाहेरनं येऊन जमीन कसणारे, त्यांना गोतात बसायला जागा नव्हती, मिरासदाराला होती. आणि आमच्या कागदावर बाईचं एक पण नाव नाही, ज्या घरांचा निवाडा चाललाय त्या घरातल्या बायका त्या दिवशी कुठं बसून ऐकत होत्या का हे मला अजून टोचतं.

खालची यादी झाली की मग मधला भाग. तिथं खटल्याची पद्धत ठरलेली असते, शब्द माहिती असले की कागद उलगडतो. ज्यानं आधी दावा मांडला तो अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. दोघांकडनं आधी राजीनामा घ्यायचा. आत्ताचा नोकरीचा राजीनामा नव्हे, गोत जे ठरवेल ते राजीखुशीनं मानू असं लिहून देणं तो राजीनामा, आणि मोडला तर म्हणून वर जामीन. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण गोताकडं पोलीस नव्हते, हुकूम बजावायचा तर दोघांच्या शब्दावर आणि जामीनदाराच्या अब्रूवरच. गावच्या गोतावर भरवसा नसेल तर परस्थळ मागता यायचं, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी नेऊन निवाडा. कराड, पैठण अशा क्षेत्राच्या ठिकाणी ब्रह्मसभेपुढं, म्हणजे शास्त्री-पंडितांच्या सभेपुढं, पण प्रकरणं जायची.

मग तकरीर, म्हणजे आपलं म्हणणं, आणि करीना, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची हकीकत. ह्यात प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचं सांगतो, त्यामुळं करीन्यातलं वाक्य उचलून "आमचे पूर्वज असे होते" म्हणून ग्रुपवर टाकू नका, पुढं निवाड्यात गोतानं काय धरलं ते बघून मग टाका.

पुराव्याचा क्रम याज्ञवल्क्यात आहे तसाच गावात चालायचा, लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे कागद, वहिवाट आणि साक्षीदार. वहिवाटीला कागदात भोगवटा म्हणतात, तो शब्द दिसला की पेन्सिलनं खूण करा (तुमच्या वहीत हं, मूळ कागदावर नको), कारण बरेच निवाडे भोगवट्यावर झालेत, कोण किती पिढ्या खातोय. आपल्या तोंडातलं "पहिल्यापासनं हाय" हे म्हाताऱ्यांचं उत्तर म्हणजे त्या काळच्या कायद्यातला पुरावा आहे, मला हे कळलं तेव्हा मी घरातल्यांवर चिडलो होतो त्याचं वाईट वाटलं. साक्ष देवळात, नदीच्या पात्रात उभं करून घ्यायचे, पूर्वजांची शपथ घालून.

आणि तिन्ही नसेल तर दिव्य. रवा दिव्य हे नाव बऱ्याच कागदांत येतं. ज्याला दिव्य करायचंय त्याची नखं काढायची, हात धुवून आधीच्या जखमा तपासायच्या, मग तापलेल्या तेला-तुपातनं धातूचा तुकडा बाहेर काढायला लावायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यांसमोर उघडायची. भाजलं असेल तर खोटा. आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याला न्याय म्हणता येत नाही हे माझं स्पष्ट मत आहे, पण एक लक्षात घ्या, कितीतरी प्रकरणात दिव्याचं नाव निघाल्यावर एक पक्ष माघार घेतो आणि समेट होतो. गोताला पण बहुतेक ते हवं असायचं, कारण दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच विहिरीवर मोट धरायची होती.

निकाल लागला की हरलेल्यानं येजितखत लिहून द्यायचं, म्हणजे माझा दावा खोटा होता, परत भांडणार नाही. सरकारला दोघांकडनं पैसे, जिंकलेल्याकडनं हरकी आणि हरलेल्याकडनं गुन्हेगारी. सरकार म्हणजे कोण ते वर्षावरनं ओळखा. आमचा कागद झाला तेव्हा कराडचा भाग विजापूरच्या आदिलशाहीत होता, नंतर स्वराज्यात आला, नंतर साताऱ्याची गादी, नंतर १८४८ ला इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. राज्यं बदलली तरी गोताची पद्धत बरीच तशीच चालू राहिली. पेशवाईत रामशास्त्री प्रभुणे, आपल्या माहुलीचे, एवढे मोठे न्यायाधीश झाले, त्यांचं नाव सगळ्यांना माहिती, पण गावकीच्या भांडणांतली बरीचशी पुण्यापर्यंत कधी गेलीच नाहीत.

आता कायदा गावाला कसा आकार देत होता ते कागदात शोधायच्या तीन जागा सांगतो.

एक, मानपान. टिळा, विडा, होळीची पोळी, दसऱ्याचं सोनं, बेंदराचे बैल, कुणाचं आधी कुणाचं मागनं, हे आपल्याला आज किरकोळ वाटतं पण पाटीलकी विकली तरी ह्या एकेका मानाची वेगळी यादी करून विकायचे. आमच्या कागदात भांडण दोन भावांच्या पात्यांचं, म्हणजे घराण्याच्या शाखांचं, आहे, थोरली पाती आणि धाकटी पाती, आम्ही धाकटे. निवाडा असा की बेंदराला थोरल्या पातीचा बैल आधी, पण होळीची पोळी धाकट्या पातीची आधी, आणि वाजंत्री दोघांच्या दारात सारखीच वाजवायची. होळीला आमची पोळी पहिली पडते हे मी विसरूनच गेलो होतो! गोतानं दोघांना एकेक पाऊल मागं आणि एकेक पुढं ठेवलं, आणि साडेतीनशे वर्षं गाव त्यावर चाललंय.

दोन, बलुतं. खळ्यावर सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांना पिकातला किती वाटा, हे कामाच्या नगावर नाही तर हक्कावर ठरलेलं, आणि त्यांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी. कुठल्या ओळीत कोण हे गावागणिक बदलतं म्हणून पुस्तकातली यादी आपल्या गावावर चिकटवू नका, कागदात काय आहे ते घ्या. ह्यात पोटाची हमी होती, दुष्काळात पण खळ्यावरचा हक्क जायचा नाही. आणि ह्यातच जखडणं पण होतं, मुलानं बापाचंच काम करायचं, गाव सोडायचं नाही. दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं असतं.

तीन, शीव. शिवेच्या भांडणात महाराची साक्ष सगळ्यात वजनाची मानायचे. गावची हद्द कुठनं जाते हे त्यालाच माहिती, शपथ घेऊन तो शिवेवरनं चालत जायचा आणि तो चालेल ती शीव, दोन गावचे पाटील मागनं. म्हणजे ज्याच्या पायावर गावानं आपली जमीन ठरवली त्याला राहायला जागा वेशीबाहेर. एकाच कायद्यानं त्याला साक्षीला पुढं काढलं आणि वस्तीला बाहेर ठेवलं, हे वाचून कुणी "आपली जुनी गावं किती सुखात होती" असं म्हणायला लागला तर त्याला ही ओळ दाखवा. महार वतन १९५८ च्या कायद्यानं आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, पण उताऱ्यावर वतनाच्या नोंदी अजून निघतात, तलाठ्याकडनं जुने फेरफार काढलेत तर महजरातल्या घरांची नावं तिथपर्यंत जोडता येतात.

कौल हा शब्द पण शोधा. १६३० च्या दुष्काळासारखी वेळ आली की गावंच्या गावं ओस पडायची, मग सरकार कौल द्यायचं, परत या, पहिल्या वर्षी सारा थोडा, मग दरवर्षी वाढवत नेऊ, त्याला इस्तावा म्हणतात. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याची मिरासी बुडायची नाही, परत आला की जमीन त्याची. माण-खटावकडच्या कुणाच्या घरात कागद असेल तर कौल सापडायची शक्यता जास्त.

कागद नसेल तर निराश होऊ नका. पेशवे दप्तर आणि साताऱ्याच्या गादीचं दप्तर पुण्याला पुराभिलेखागारात आहे, कोल्हापूरला पण पुराभिलेखागार आहे, अर्ज करून गाव आणि परगण्याचं नाव देऊन बघायला मिळतं. परगणा जुना द्या, आजचा तालुका देऊन काही सापडत नाही. आणि देवळामागं, पाणंदीला कुठं वर चंद्रसूर्य आणि खाली गाढव कोरलेला दगड असेल तर तो गधेगाळ, महजराच्याही आधीचा, दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल असा त्याचा अर्थ. त्याला शेंदूर किंवा ऑइल पेंट लावू देऊ नका.

शेवटचं काम, वाचलेलं गावात परत वाचून दाखवा, घरातच ठेवू नका. मी काल्याच्या दिवशी देवळात साध्या भाषेत वाचलं, मूळ कागद नेला नाही, मोठी प्रिंट नेली. थोरल्या वाड्याचे आण्णा पुढंच बसले होते, होळीच्या पोळीचं वाचल्यावर मान हलवून म्हणाले, बरोबर हाय. मग सगळे निशाण्या बघायला गोळा झाले. स्टँडवर आमच्याच गावच्या न्हाव्याचं सलून आहे, तो गर्दी हटल्यावर आला, मी आरशाची निशाणी दाखवली, छोटा गोल आणि खाली दांडी. त्यानं बराच वेळ बघितलं, हात लावला नाही, आणि म्हणाला, दादा एवढ्याच भागाची एक प्रिंट द्या, दुकानात आरशाच्या वर लावतो.